विश्लेषण : मोटर बंद झाली, पण पाइपमधल्या पाण्याचे काय? ‘ऑटो ड्रेन व्हॉल्व्ह’ कसा काम करतो?

एप्रिल-मे महिन्यात बोअरची मोटर बंद पडली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पीक किंवा जनावरे वाट पाहत असतात आणि मोटर बाहेर काढणाऱ्यांचा नंबर लागत नाही. ते आले की तिपाई उभी राहते, चेनपुली लागते आणि पाइप ओढायला सुरुवात होते. मात्र हातात येणारा भार केवळ मोटर, पंप, पाइप आणि केबलचा नसतो. पाइपमध्ये अडकलेले पाणीही त्यासोबत वर ओढावे लागते.

हे पाणी आधीच आपोआप निघून गेले तर? त्यासाठीची यंत्रणा जगात अनेक ठिकाणी, अनेक रूपांत वापरात आहे. तिला सर्वसाधारणपणे ‘ऑटो ड्रेन व्हॉल्व्ह’ म्हणतात. दिसायला छोटा आणि विजेशिवाय चालणारा हा भाग कुठे उपयोगी पडतो, कुठे निरुपयोगी ठरतो आणि चुकीच्या जागी बसवला तर विहिरीचे पाणीच कसे खराब करू शकतो, ते समजून घेऊ.

पाइपमध्ये पाणी अडते कशामुळे?

सबमर्सिबल पंपाच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजेच एनआरव्ही असतो. पाणी वर जाऊ द्यायचे आणि खाली येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपला तळाशी असलेला फुट व्हॉल्व्हही, ज्याला अनेक ठिकाणी सरळ ‘फुटबॉल’ म्हटले जाते, याच जातीचा.

एनआरव्हीमुळे तीन फायदे होतात. मोटर पुन्हा सुरू केल्यावर पाणी लगेच वर येते. परत येणाऱ्या पाण्याच्या लोंढ्याने पंप उलटा फिरत नाही. तिसरा फायदा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. पाइप भरलेला असल्याने पंपाला सुरू होतानाच अपेक्षित भार मिळतो. रिकाम्या पाइपमध्ये पंप सुरू झाला तर पाणी काही क्षण अडथळ्याशिवाय सुसाट वर जाते आणि आतले इम्पेलर वरच्या दिशेने ढकलले जातात. हे वारंवार झाले तर आतल्या वॉशरची झीज वाढते.

थोडक्यात, पंप चालवण्याच्या दृष्टीने पाइप भरलेला असणे चांगले, तर पंप बाहेर काढण्याच्या दृष्टीने तो रिकामा असणे चांगले. सगळा पेच इथेच आहे.

या पाण्याचे वजन किती असते?

हिशेब सोपा आहे. पाइपचा आतला व्यास 40 मिलिमीटर धरला तर एक मीटर लांबीत सुमारे सव्वा लिटर पाणी मावते. म्हणजे 100 मीटर पाइपमध्ये सुमारे 125 लिटर, अर्थात 125 किलो.

पण हा सगळा भार वर ओढणाऱ्यांवर येत नाही. बोअरमधील पाण्यात बुडालेल्या भागात पाइपच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी, त्यामुळे तिथले आतले पाणी जवळपास बिनवजनी ठरते. भार जाणवतो तो पाण्याच्या पातळीच्या वर असलेल्या पाइपमधील पाण्याचा.

पातळी जमिनीपासून 20 मीटरवर असेल तर हा जादा भार सुमारे 25 किलो. तीच पातळी उन्हाळ्यात 60 मीटरवर गेली तर भार सुमारे 75 किलो. म्हणजे ज्या दिवसांत मोटर खाली-वर करण्याची वेळ सर्वाधिक येते, त्याच दिवसांत पाइप सर्वात जड झालेला असतो. त्यात जुना दोर किंवा झिजलेला जोड असेल तर मोटर निसटून बोअरमध्ये पडण्याचा धोका वाढतो. तशी मोटर निघाली नाही, तर मोटरीसोबत बोअरही हातचा जातो.

एनआरव्हीला छिद्र पाडले तर?

हा उपाय सर्रास केला जातो. एनआरव्हीच्या पडद्याला किंवा त्याच्या वरच्या पाइपला दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र पाडायचे. मोटर बंद झाली की पाणी हळूहळू बोअरमध्ये उतरते आणि काही वेळाने पाइप रिकामा होतो.

पण छिद्र पाइपला असेल तर मोटर चालू असतानाही ते उघडेच राहते. पाण्याची पातळी 60 मीटरवर असेल तर त्या छिद्रावर किमान 6 बार, म्हणजे बोलीभाषेत 6 किलोचा दाब असतो. एवढ्या दाबाखाली 3 मिलिमीटरच्या छिद्रातून तासाला अंदाजे 500 लिटर पाणी पुन्हा बोअरमध्ये पडते. वर आणण्यासाठी वीज खर्ची पडलेले हे पाणी शेतापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय गळती जमिनीखाली असल्याने ती दिसत नाही. ‘पंपाचे पाणी कमी झाले’ एवढेच लक्षात येते आणि दोष बोअरला दिला जातो.

मोटर बंद केल्यावर याच छिद्रातून 60 मीटरचा स्तंभ रिकामा व्हायला अंदाजे 15 ते 20 मिनिटे लागतात. छिद्र एनआरव्हीच्या पडद्याला असेल तर चालू मोटरीच्या वेळी पाणी वाया जात नाही. मात्र बंद केल्यावर ते पंपामधूनच खाली उतरते आणि त्यातील वाळूचे कण पंपातच बसतात.

गरज आहे ती पंप चालू असताना बंद आणि पंप थांबला की आपोआप उघडणाऱ्या छिद्राची. ऑटो ड्रेन व्हॉल्व्ह म्हणजे नेमके हेच.

साधा ऑटो ड्रेन व्हॉल्व्ह कसा काम करतो?

पाइपच्या सर्वात खालच्या बिंदूला एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. आत एक गोळी किंवा रबरी चकती आणि एक हलकी स्प्रिंग. स्प्रिंग चकतीला उघड्या स्थितीत धरून ठेवते. पंप सुरू झाला की पाइपमधील दाब वाढतो, तो स्प्रिंगवर मात करतो आणि चकती छिद्रावर घट्ट बसते. पंप थांबून दाब उतरला की स्प्रिंग पुन्हा जिंकते, छिद्र उघडते आणि उरलेले पाणी निघून जाते.

ना सेन्सर, ना वायर, ना माणूस. दाब हाच संदेश. बागेतील स्प्रिंकलरच्या पाइपलाइनवर असे व्हॉल्व्ह वापरले जातात. अमेरिका, कॅनडासारख्या थंड देशांत इमारतीबाहेर अग्निशमन दलाची नळी जोडण्यासाठी जी तोंडे असतात, त्यांच्या पाइपलाही तळाशी असाच गोळीचा व्हॉल्व्ह असतो. आग विझवून झाली की पाइपमधील पाणी आपोआप निथळते.

मग हाच व्हॉल्व्ह खोल बोअरमध्ये का चालत नाही?

कारण तिथे पंप थांबला तरी दाब उतरत नाही. एनआरव्हीच्या वर 60 मीटर पाण्याचा स्तंभ उभाच असतो आणि त्याच्या वजनाचा 6 बार दाब तळाशी कायम राहतो. दाब पाहून निर्णय घेणाऱ्या व्हॉल्व्हला वाटते, पंप चालूच आहे. तो उघडतच नाही.

म्हणून इथे दाबाऐवजी प्रवाहावर चालणारी रचना लागते. पंपाच्या लगेच वर बसणाऱ्या या भागात एक सरकती नळी, म्हणजे शटल असते. पंप सुरू झाला की वर जाणारे पाणी शटलला उचलते. उचललेले शटल बाजूची छिद्रे झाकते आणि पाणी सरळ वर जाते. पंप थांबला, प्रवाह थांबला की शटल स्वतःच्या वजनाने किंवा स्प्रिंगने खाली बसते. त्यामुळे एकाच वेळी दोन गोष्टी होतात. पंपाकडे जाणारी वाट बंद होते आणि बाजूची छिद्रे उघडतात. वरचे पाणी पंपाला स्पर्श न करता बाजूने बोअरमध्ये उतरते.

ही कल्पना तेलविहिरींमध्ये वापरली जाते. तिथे विद्युत सबमर्सिबल पंपांच्या वर असे ‘ऑटोमॅटिक डायव्हर्टर व्हॉल्व्ह’ बसवतात. पंप थांबल्यावर वरच्या द्रवातील वाळू पंपावर बसू नये आणि पंप उलटा फिरू नये, हा त्यामागचा हेतू.

या रचनेत पाइप किती रिकामा होतो? आतली पातळी बोअरमधील पाण्याच्या पातळीशी जुळेपर्यंत. म्हणजे नेमका तोच भाग रिकामा होतो, ज्याचे वजन ओढावे लागते.

पंप उलटा फिरला तर काय बिघडते?

एनआरव्ही नसेल किंवा गळका असेल, तर वरचे पाणी पंपातूनच खाली येते आणि इम्पेलरना उलटे फिरवते. नुसते उलटे फिरणे फारसे घातक नाही. पण त्याच क्षणी वीज परत आली आणि ऑटो-स्टार्टरने मोटर सुरू केली, तर उलट्या फिरणाऱ्या शाफ्टला अचानक सुलट झटका बसतो. शाफ्ट पिळवटू किंवा तुटू शकतो.

ग्रामीण भागात वीज काही सेकंदांसाठी जाऊन परत येणे नवे नाही. त्यामुळे पाइप रिकामा करणारी कोणतीही व्यवस्था असली, तरी स्टार्टरला काही मिनिटांचा टायमर असणे शहाणपणाचे. मोठ्या व्हर्टिकल टर्बाइन पंपांना उलटे फिरणे रोखणारा रॅचेट लावतात, तो याच कारणासाठी.

थंड प्रदेशात हा व्हॉल्व्ह इतका महत्त्वाचा का?

महाराष्ट्रात पाइपमध्ये अडकलेले पाणी जड होते, तर लडाखमध्ये ते गोठते. सुमारे 3,500 मीटर उंचीवरील लेहमध्ये हिवाळ्याच्या रात्री पारा उणे 20 अंशांच्या आसपासही जातो. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. पाइपमध्ये बर्फाचा अडथळा तयार झाला की तो आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावरचा दाब प्रचंड वाढतो आणि पाइप फुटतो. म्हणूनच अनेकदा पाइप जिथे गोठतो तिथे नव्हे, तर दुसरीकडेच फुटलेला आढळतो.

टेक्सासमध्ये फेब्रुवारी 2021 च्या थंडीच्या लाटेत घरोघरी पाइप फुटले आणि एक कोटीहून अधिक लोकांचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. जिथे अशी थंडी दरवर्षीची असते, तिथे पाणी पाइपमध्ये उभेच राहू देत नाहीत. उत्तर अमेरिकेतील थंड शहरांतल्या रस्त्यावरच्या फायर हायड्रंटचा मुख्य व्हॉल्व्ह जमिनीत खोल, जिथपर्यंत माती गोठत नाही तिथे असतो. हायड्रंट बंद केला की तळाची निचरा-छिद्रे आपोआप उघडतात आणि वरचा खांब कोरडा होतो. शेतावरच्या नळांमध्येही तीच रचना असते. निघालेले पाणी मुरावे म्हणून तळाशी खडी भरतात. खडी नसेल तर पाणी तिथेच साचते आणि निचरा थांबतो.

ठिबक सिंचनात याचा उपयोग होतो का?

होतो, आणि महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांनी तो पाहिलेला असतो. ठिबकच्या नळीच्या शेवटी एंड कॅपऐवजी ‘ऑटो फ्लश व्हॉल्व्ह’ बसवता येतो. पंप सुरू होताना दाब कमी असतो, तेव्हा हा व्हॉल्व्ह उघडा राहून नळीतील गाळ बाहेर टाकतो. दाब वाढला की बंद होतो. पंप थांबल्यावर पुन्हा उघडून नळी निथळून टाकतो. नळीत पाणी साचून राहिले तर गाळ तळाशी बसतो, शेवाळ वाढते आणि ड्रिपर बुजतात. हे त्यामुळे कमी होते. मात्र मुद्दाम केलेल्या फ्लशिंगला तो पूर्ण पर्याय नाही.

चढ-उताराच्या जमिनीवर एक काळजी घ्यावी लागते. पाणी उताराकडे निघून गेले की वरच्या बाजूच्या नळीत पोकळी तयार होते आणि ड्रिपर बाहेरची हवा आत ओढतात. हवेबरोबर मातीचे कणही आत जातात. जमिनीखाली पुरलेल्या ठिबकमध्ये हा धोका सर्वाधिक. म्हणून उंच बिंदूवर एअर व्हॉल्व्ह हवाच.

सरबताच्या स्ट्रॉचे वरचे टोक बोटाने दाबून धरले तर आतले सरबत खाली पडत नाही. पाइपचेही तसेच आहे. खालून पाणी निघायचे असेल तर वरून हवा आत यायला वाट हवी.

चुकीच्या जागी बसवला तर काय होते?

दोन धोके गंभीर आहेत.

पहिला सायफनचा. बोअरचा पाइप वरच्या टाकीत पाण्याखाली बुडवलेला असेल आणि खाली ऑटो ड्रेन असेल, तर मोटर थांबल्यावर केवळ पाइप नव्हे, टाकीतील पाणीही सायफनने परत बोअरमध्ये जाऊ शकते. सकाळी टाकी रिकामी आणि गळती कुठेच दिसत नाही, असा प्रकार. उपाय सोपा आहे. पाइपचे तोंड टाकीतील पाण्याच्या सर्वोच्च पातळीच्या वर ठेवायचे.

दुसरा धोका खताचा. ठिबकमधून व्हेंचुरी किंवा टाकीद्वारे विद्राव्य खते दिली जातात. मोटर अचानक थांबली आणि लाइनमधील पाणी बोअरकडे उतरले, तर खतमिश्रित पाणी थेट भूजलात जाते. त्याच बोअरचे पाणी घरात पिण्यासाठी वापरले जात असेल तर परिणाम घरातल्यांनाही भोगावा लागतो. म्हणून खत मिसळण्याच्या जागेआधी, म्हणजे बोअरच्या बाजूला, स्वतंत्र एनआरव्ही आणि त्यालगत बोअरकडच्या पाइपवर एअर व्हॉल्व्ह असायलाच हवा. बोअरमधला उभा पाइप रिकामा झाला तरी चालेल, शेतातली लाइन बोअरमध्ये रिकामी होता कामा नये.

सोलापूरशी या प्रश्नाचा काय संबंध?

दुरुस्तीसाठी पाण्याने भरलेला पाइप वर ओढण्याचा त्रास हातपंपांनी आधीच अनुभवला आहे. देशभर पोहोचलेला ‘इंडिया मार्क 2’ हा हातपंप 1970 च्या दशकात युनिसेफच्या सहभागाने विकसित झाला. त्याचे मूळ होते ‘सोलापूर पंप’. मजबुतीत तो सरस ठरला, पण जमिनीखालचा भाग दुरुस्त करायचा तर दांड्यांसह जड पाइपही वर काढावे लागत. त्यासाठी अवजारे, गाडी आणि प्रशिक्षित पथक लागे. तोपर्यंत गावाने थांबायचे.

पुढे आलेल्या ‘इंडिया मार्क 3’मध्ये पाइपचा व्यास वाढवण्यात आला. त्यामुळे पाइप जागेवर ठेवून पिस्टन आणि तळाचा व्हॉल्व्ह दांड्यांबरोबर वर काढता येऊ लागला. तळाचा व्हॉल्व्ह उचलला की पाइपमधील पाणी आपोआप बोअरमध्ये उतरते. गावातल्या गावात दुरुस्ती व्हावी, हा त्यामागचा विचार होता.

मग प्रत्येक बोअरला ऑटो ड्रेन बसवावा का?

सरसकट नाही. रोज अनेकदा चालू-बंद होणाऱ्या मोटरीला तो तोट्याचा ठरू शकतो. वरच्या उदाहरणातील 75 लिटरचा स्तंभ प्रत्येक वेळी नव्याने भरावा लागतो. सेकंदाला एक लिटर देणाऱ्या पंपाला त्यासाठी सव्वा मिनिट पुरते आणि वीजही नगण्य लागते. खरा तोटा विजेचा नसून झिजेचा आहे, कारण दर वेळी पंप रिकाम्या पाइपमध्ये सुरू होतो. वाळू येणाऱ्या बोअरमध्ये शटल अर्धवट अडकले, तर छिद्राची गळती पुन्हा मागे लागते.

मोटर चार-पाच वर्षांतून एकदाच काढावी लागत असेल, तर हवा तेव्हाच उघडता येणारा निचरा पुरेसा असतो. एनआरव्हीच्या वर तुटणारा प्लग बसवतात. मोटर काढायच्या वेळी पाइपमधून लोखंडी दांडी सोडून तो तोडायचा, की पाणी उतरते. अर्थात त्यासाठी पाइप सरळ आणि वरून मोकळा हवा.

ज्यांच्याकडे पातळी खूप खाली जाते, मोटर वारंवार खाली-वर करावी लागते आणि दिवसातून एक-दोनदाच ती सुरू होते, त्यांच्यासाठी शटलचा व्हॉल्व्ह विचारात घेण्यासारखा आहे.

बसवला तर एक साधी चाचणी करत राहावी. 200 लिटरचा ड्रम भरायला किती वेळ लागतो, हे पहिल्याच दिवशी मोजून स्टार्टरच्या पेटीवर लिहून ठेवायचे. पाण्याची पातळी साधारण तितकीच असताना तोच ड्रम भरायला जास्त वेळ लागू लागला, तर नवा बोअर घेण्याचा विचार करण्याआधी खालचा व्हॉल्व्ह तपासून घ्यावा.